धाकटीची चोरचोळी

धाकटी जाऊ सुखदा जिना कशी उतरते, हे जबलपूरच्या गढा भागातल्या त्या घरात अमिताइतकं बारकाईनं कोणीच पाहत नव्हतं. काखेत धुण्याची बादली, कान आणि खांद्याच्या मध्ये दाबलेला मोबाईल, पायात फटफट वाजणारी चप्पल आणि पोटात पाचवा महिना. एवढं सगळं सांभाळत ती गच्चीवरून खाली यायची, तेही माहेरच्या कोणाशी तरी हिंदीत खिदळत. खालच्या खोलीत दिवाणावर डाव्या कुशीला, पायाखाली दोन उशा घेऊन पडलेली अमिता ते पाहायची आणि तिच्या घशाशी कडू यायचं. डॉक्टरीणबाईंनी त्याला ॲसिडिटी म्हटलं असतं. अमिताला मात्र ठाऊक होतं, ही ॲसिडिटी नव्हे. ती जळत होती.

अमिता मूळची सिहोऱ्याची. बाजारात वडिलांचं बियाण्यांचं दुकान, आणि चार बहिणींत ही तिसरी. आपल्या वाट्याला काय कमी आलं, हे पाहायची सवय तिला तिथूनच. लग्न होऊन जबलपूरला आली तेव्हा सोबत शिलाई मशीन आणलं, पुढच्या खोलीत खिडकीशी मांडलं आणि दोन-तीन वर्षांत अर्ध्या मोहल्ल्यातल्या बायका तिच्याच हातची ब्लाउजं घालायला लागल्या. तिच्या ब्लाउजची बगल ओढत नाही, अशी ख्याती होती. तोंडानं फटकळ, पण कामाला चोख. कोणी घाई केली तर म्हणायची, "जल्दी आहे तर रेडीमेड घ्या ना, दीदी." आणि समोरची बाई निमूटपणे परवा येते म्हणून जायची.

हे सगळं जागच्या जागी होतं. नव्हतं ते मूल. बऱ्याच वर्षांनी राहिलं आणि पाचव्या महिन्यात गेलं. त्यानंतर पुन्हा राहिलं, तेही पाचव्यातच गेलं. दोन्ही वेळा सुरुवात अगदी साधी. पाळीच्या आधी ओटीपोटात येते तशी बारीक कळ. पहिल्या वेळी तर तिनं ओवा चघळला, पाणी प्याली आणि हातातलं ब्लाउज पुरं केलं. गिऱ्हाइकाला ते ब्लाउज फार आवडलं. त्या ब्लाउजला काज करत बसले नसते तर, हा विचार तिनं नंतर किती वेळा केला असेल, देव जाणे.

या तिसऱ्या वेळी मीरा डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. गर्भपिशवीचं तोंड कमजोर आहे, त्याला टाका घालावा लागेल. टाका घातला. मशीनवर जुनी चादर पडली. पायडल मारायचं नाही, जिना चढायचा नाही, वजन उचलायचं नाही. उठायचं ते नहाणीपुरतं आणि जेवणापुरतं. नवरा अतुल फॅक्टरीत फिटर, सकाळी जाऊन संध्याकाळी येणार. सासूबाई, म्हणजे बेबीबाई, दिवसभर पायाशी. आणि अमिताचं एकच काम उरलं, आपल्या पोटावर पहारा करायचं.

कळा यायच्याच. मीरा डॉक्टरांनी तिला शांतपणे समजावलं होतं. बाळ वाढतं तशी पिशवी ताणते, स्नायू ओढले जातात, त्यात पोट साफ नसलं, पाणी कमी पडलं की बारीक कळ येते. भरपूर पाणी प्यायचं, लघवीला जाऊन यायचं, डाव्या कुशीवर पडायचं आणि पोटावर हात ठेवायचा. "गालासारखं मऊ लागलं तर घाबरू नका. कपाळासारखं कडक होतंय, सैल पडतंय, पुन्हा कडक होतंय, किंवा खाली काही ओलं, लाल दिसलं, तर फोन करून लगेच निघा. त्यात दिवस-रात्र बघायचं नाही." अमितानं हे इतकं पाठ केलं की झोपेतही तिचा एक हात पोटावर आणि एक गालावर असायचा. अतुल चेष्टेनं म्हणायचा, "गाल-कपाळ चालू आहे का अजून?" ती हसायची नाही. कळ आली की पहिला घोट पाण्याचा आणि दुसरा जिवाचा, अशी तिची गत व्हायची. अर्ध्या-पाऊण तासानं कळ विरून जायची. मग ती छताच्या पंख्याकडे बघत पडून राहायची, आणखी एक टळली म्हणून.

आणि अशात धाकट्या दिराची, पियूषची बायको गरोदर राहिली. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. अमिताच्या मागोमाग, तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं.

बातमी सांगताना सुखदा पेढे घेऊन खाली आली, वाकून अमिताच्या पाया पडली आणि म्हणाली, "दीदी, अच्छा झालं ना, दोघींची मुलं एकसाथ खेळतील." अमितानं पेढा खाल्ला. चांगलं झालं, म्हणाली. आणि त्या दिवसापासून तिच्या मनात एक गोष्ट अशी घुसली की काढता येईना. माझं गेलं आणि हिचं राहिलं तर? याच घरात, याच जिन्याखाली मी रिकामी पडले असेन आणि वरून हिच्या पोराचं रडणं ऐकू येईल. बाळ जाण्याची भीती तिला जुनी होती, त्या भीतीशी तिची ओळख होती. ही नवी भीती तिला लाज वाटावी अशी होती, म्हणून ती कोणाला सांगताही येईना.

सुखदा मूळची घमापूरची. भरल्या बाजारात वाढलेली, जिथे जाईल तिथे ओळख काढणारी. तिला मळमळ झाली ती आठवडाभर, तीही नावाला. खव्याची जलेबी खाऊन यायची, पियूषच्या मागे गाडीवर बसून ग्वारीघाटला नर्मदेच्या आरतीला जायची आणि येताना अमितासाठी प्रसाद आणायची. तपासणीला दोघी एकाच दिवशी, एकाच ऑटोनं. मीरा डॉक्टरांकडे पडद्याआड आधी मोठीला न्यायचे, मग धाकटीला. अमिताला आत अर्धा तास लागायचा, सुखदाला पाच मिनिटं. "एकदम नॉर्मल," असं सांगत ती बाहेर यायची. तो शब्द अमिताला आयुष्यात कोणी ऐकवला नव्हता.

तरी एका बाबतीत अमिताचीच सरशी होती. घरातली काळजी सगळी तिची होती. ती नुसती हं म्हणाली तरी सासूबाई पदर खोचून धावायच्या, सासरे टीव्हीचा आवाज कमी करायचे, अतुल फॅक्टरीतून फोन करायचा. दुखणं हाच तिचा तेवढा एक मान होता, आणि तो ती जपून होती.

म्हणून मे महिन्यातल्या एका दुपारी, कूलरसमोर भाजी निवडत बसलेली सुखदा सहज म्हणाली, "दीदी, माझी पण कंबर ना, कालपासून ओढून राहिली आहे. खाली जरा जड-जड वाटते," तेव्हा अमिता फाडकन बोलून गेली, "तुझं कायचं दुखते? तुला काय टाका आहे? गाडीवर हुंदडत फिरली की कंबर ओढणारच."

सुखदाचा हात गवारीच्या शेंगेवर थांबला. "हो ना," म्हणाली आणि हसली. त्यानंतर तिनं आपल्या दुखण्याचं नाव काढलं नाही. अमिताला वाटलं, बरं झालं.

आणि मग चोरचोळी आली.

विदर्भातून येऊन तीन पिढ्या जबलपुरात राहिलेल्या या घरानं मराठी निम्मीअर्धी हिंदीच्या घशात घातली होती, पण चोरचोळी सोडली नव्हती. पाचव्या महिन्यात पाच सवाष्णी गुपचूप बोलावायच्या, शेजारीपाजारी गाजावाजा करायचा नाही, पोटुशीला हिरवी चोळी घालायची, ओटी भरायची, गोड खाऊ घालायचं. थाटामाटाचं डोहाळजेवण पुढे सातव्यात. अमिताची चोरचोळी दोनदा झाली होती. दोन्ही चोळ्या तिनं स्वतः शिवल्या होत्या. सातवा मात्र एकदाही लागला नाही.

सासूबाईंनी तिच्या पायाला तेल लावता लावता विषय काढला. वर न बघता म्हणाल्या, "सुखदाची चोरचोळी करून घेऊ म्हणते शुक्रवारी."

"आणि माझी? माझा पाचवा संपत आला आई."

"तुझं यंदा नको बाई. दोनदा केलं आणि दोनदा..." त्या अमिताच्या घोट्यावर अंगठा फिरवत राहिल्या. "नजर नको, गाजावाजा नको. तुझं डायरेक्ट बाळ हातात आलं की करू सगळं. मी नवस बोलली आहे."

त्यांच्या मनात मायाच होती. पण अमिताला त्यातलं एकच ऐकू आलं. हिचं करून फायदा नाही. संध्याकाळी अतुल घरी आला तेव्हा ती त्याच्यावर तुटून पडली. "मी काय अपशकुनी आहे का? तुमच्या आईला म्हणा, एवढी भीती वाटते तर मला सिहोऱ्याला पाठवा. तिथल्या म्हशीचंसुद्धा जास्त कौतुक होते." अतुल बिचारा बूट हातात घेऊन उभा. "आई तुझ्या भल्याचंच पाहून राहिली," एवढंच तो म्हणाला, आणि त्यानं अमिता आणखीच पेटली.

त्यावर कडी म्हणजे हिरवा खण घेऊन सुखदाच तिच्यापुढे येऊन उभी राहिली. "दीदी, बाहेर शिवायला नको वाटते. तुझ्या हातची पाहिजे. मशीनवर मी बसते, तू कापून दे."

"माझ्या मशीनला हात लावायचा नाही," अमिता म्हणाली. आणि दिवाणावर तक्क्याला टेकून तिनं ती चोळी हातानं शिवली. माप घेताना सुखदाच्या अंगाभोवती टेप गुंडाळली, तेव्हा ते घट्ट, गोल पोट तिच्या मनगटाला लागलं आणि तिला टेप आवळावीशी वाटली. शिवताना मनात आलं, अर्धा इंच कमी धरू. चारचौघीत काचेल, श्वास घ्यायला त्रास होईल, जरा कळेल बाईसाहेबांना. अर्धा इंच काहीच नाही, कोणाच्या लक्षातही येत नाही. पण हात ऐकेना. मन कितीही जळो, काचणारं ब्लाउज त्या हातानं आजवर दिलं नव्हतं. उलट पुढच्या महिन्यांत लागेल म्हणून तिनं दोन्ही बाजूंना शिवणीत कापड ठेवलं आणि स्वतःवरच चिडत शेवटचा टाका दातानं तोडला.

शुक्रवारी दुपारी बायका आल्या. अमिताची खोली आणि बैठक यांच्यामध्ये फक्त एक पडदा होता. सासूबाईंनी तो ओढून घेतला. म्हणाल्या, "तू पड. आवाजाचा त्रास नको तुला." पण पंख्याच्या वाऱ्यानं पडदा हलायचा आणि फटीतून सगळं दिसायचं. पाट मांडलेला, भोवती रांगोळी. मोहल्ल्यातल्या दीपाकाकू, ज्यांना सगळ्या घरांची सगळी खबर असते, त्या मध्यभागी. आणि पाटावर हिरवी चोळी घातलेली सुखदा.

चोळी बसली होती मात्र झकास. एवढं अमितानं मनात कबूल केलं, आणि तेवढ्यात तिच्या ओटीपोटात बारीक कळ आली.

तिनं डोळे मिटले. हात पोटावर. गालासारखं. बाटली उचलून पाणी प्याली. कुशी सावरली. कळ होती, पण ओळखीची होती, नेहमीचीच. बाहेर कोणीतरी ओटीचं गाणं म्हणायला लागलं आणि दीपाकाकूंनी सूर वर नेला. आणि पडल्या पडल्या अमिताला जाणवलं की आपण नुसतं आई गं म्हणायची खोटी, हे सगळं या क्षणी थांबेल. गाणं थांबेल, तांदळाचं ताट तसंच राहील, पाचही जणी पडदा सारून आत येतील. खोटंही नाही बोलायचं, कळ तर खरीच आहे. तिनं तोंड उघडलंसुद्धा. मग वाटलं, खोटी हाक मारली आणि देवानं ती खरी मानली तर? भीतीनं तोंड आपोआप मिटलं. हळूहळू कळ विरली, आणि ती टळल्याचा आनंद तिला नेहमीइतका झाला नाही.

ओटी भरून झाली. आता रीतीप्रमाणे सुखदानं प्रत्येक सवाष्णीला वाकून नमस्कार करायचा. अमिता पडद्याच्या फटीतून बघत होती, पण आता ती बघत होती चोळी. वाकल्यावर पाठीत कशी बसते, चुणी पडते का. पहिल्या दोन नमस्कारांना पाठ सुरेख ताणली गेली आणि सैल पडली. तिसऱ्याला सुखदा वाकली आणि तशीच राहिली. पाठीवरचं कापड ताणलेलंच. श्वास अडल्याखेरीज कापड असं ताणून धरलं जात नाही, हे अमिताला शंभर बायकांच्या पाठी पाहून माहीत होतं. मग सुखदा सावकाश सरळ झाली. एक हात भिंतीला, एक कंबरेला. चेहऱ्यावर हसू तसंच. थोड्या वेळानं पुन्हा तेच झालं. दीपाकाकू विनोद सांगत होत्या आणि सुखदा हसता हसता ओठ दाताखाली धरून जमिनीकडे बघत होती. पाणी पुढे केलं तर नको म्हणाली. सकाळपासून तिनं पाणी घेतलेलं अमितानं पाहिलं नव्हतं, आणि दिवसभर तिच्याकडेच तर बघत होती ती.

हे सांगायला बरं वाटत नाही, पण झालं ते असं. अमिताला बरं वाटलं. छातीवरचं ओझं कोणी उचलून बाजूला ठेवावं, तसं हलकं वाटलं. चला, हिलाही. आता कळेल. आता या घरात मी एकटी नाही. तिनं उशीवर डोकं टेकलं आणि त्या बऱ्या वाटण्यात ती थोडी पडून राहिली.

मग सुखदानं तिसऱ्यांदा भिंत धरली. आणि अमिताला तो पहिला दिवस दिसला. ओवा चघळत, काज करत बसलेली ती, आणि तिच्याकडे बघणारं खोलीत कोणीच नाही.

"आई!" ती ओरडली. "आई, लवकर या!"

गाणं तुटलं. पडदा सरकला आणि सगळ्याच्या सगळ्या आत. सासूबाई पुढे, हातात कुंकवाची कोयरी तशीच. "काय झालं? दुखून राहिलं? कुठं दुखते? पाणी आणा वो कोणी!"

"मला नाही. तिला बघा. सुखदाला."

"सुखदाला काय झालं? ती ठीक आहे. तू उठू नको, पड."

"आई, मी सांगून राहिली ना, तिच्या पोटात कळा आहेत!"

दीपाकाकूंनी शेजारणीकडे पाहिलं. हळू आवाजात म्हणाल्या, पण एवढ्याही हळू नाही, "आजच्याच दिवशी काहून असं व्हावं? पुरी होऊ द्यायची होती चोरचोळी." त्यातलं न बोललेलं सगळ्यांना ऐकू आलं. अमितालाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तिला रागही आला नाही. मघाशी तोंड उघडलं होतं ते याचसाठी, हे तिला एकटीला ठाऊक होतं.

पडद्याशी उभी राहून सुखदा म्हणाली, "मी ठीक आहे, दीदी. थोडं चलता है." आवाज बारीक झालेला.

"इकडे ये," अमिता म्हणाली. "सगळ्या बाजूला व्हा जरा. ये म्हणते ना."

सुखदा आली. अमितानं पडल्या पडल्याच हात लांब केला आणि त्या हिरव्या चोळीखाली, पोटावर ठेवला. कपाळ. अगदी कपाळ. हात तिनं तसाच ठेवला. ते हळूहळू सैल पडलं. दीपाकाकू काही बोलायला गेल्या तर अमितानं दुसऱ्या हातानं त्यांना थांबवलं. तिच्या तळव्याखाली ते पुन्हा कडक व्हायला लागलं आणि सुखदानं तिचं मनगट घट्ट धरलं.

"कधीपासून?"

"तीन-चार दिवस झाले. आज जास्त."

"बोलली काहून नाही?"

सुखदानं तिच्याकडे नुसतं पाहिलं. अमितानंच नजर काढून घेतली आणि मीरा डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाल्या, लगेच आणा, आणि अमिता मोठ्यानं ओरडल्याचं कळल्यावर, तुम्हीही या.

ऑटोत सासूबाई दोघींच्या मध्ये बसल्या. त्यांनी सुखदाचा हात दोन्ही हातांत धरला होता आणि सबंध वाटभर त्या सुखदाशीच बोलत होत्या. भैया हळू, भैया खड्डा आहे, हेही सुखदासाठीच. आणि अमिताला, अशा वेळीसुद्धा, जळजळ झाली. तिच्या पोटात पुन्हा ओढ लागली होती, मघापेक्षा जरा जास्त. ती सांगावी तर आता कोणाला, असं तिला वाटलं. तिनं हात पोटावर ठेवला. ऑटोच्या धक्क्यांत गाल की कपाळ, काही कळेना. ही तर पाचव्या महिन्यातलीच कळ होती, आणि ती स्वतःहून जोर लावून ओरडली होती.

दवाखान्यात दोघींना शेजारी शेजारी खाटा मिळाल्या. नर्सबाई ठोके ऐकायचं छोटं यंत्र घेऊन आल्या आणि सवयीनं अमिताकडे वळल्या. मोठी आधी, हे त्यांनाही पाठ होतं. त्या यंत्रातून आवाज येईपर्यंत अमिताचा जीव जिथे असायचा तिथे कोणाचाही नसो. तिनं पदर बाजूला केला होता.

"सिस्टर," ती म्हणाली, "आधी तिचं लावा."

तिचं लावलं. खरखर झाली आणि लगेच टपटपटप आवाज आला, सुखदाचं सगळं जसं लगेच व्हायचं तसाच. सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. तेवढ्यात मीरा डॉक्टर आल्या आणि नर्सबाई त्यांच्यामागे सलाईनच्या धावपळीत लागल्या. तपासणी झाली, लघवी तपासायला गेली. उन्हाळा, पाणी कमी, लघवीत जंतुसंसर्ग झालेला दिसतोय, म्हणून पिशवी चिडलीय, डॉक्टर म्हणाल्या. औषध आणि सलाईन सुरू करू, तोंड उघडलेलं नाही, वेळेवर आणलंत. दोन दिवस इथेच राहील. सासूबाई पियूषला फोन करायला बाहेर गेल्या. अमिताचं यंत्र लावायचं राहूनच गेलं होतं, आणि आठवण करून द्यायची तिची हिंमत होत नव्हती. जोवर ऐकलं नाही, तोवर ते तिथे आहे असं तरी धरता येत होतं.

सुखदा छताकडे बघत पडली होती. कळा कमी झाल्या असाव्यात, चेहरा जरा सैल झाला होता. तिनं मान वळवली.

"दीदी, तुला कसं कळलं? कोणाला पण नाही कळलं."

"तुझ्याकडेच तर बघत असते दिवसभर."

"काहून?"

अमितानं खोटं बोलायचा विचार केला. काळजी वाटते म्हणून, असं म्हणता आलं असतं, आणि शोभलंही असतं.

"जळते म्हणून," ती म्हणाली. "तुझ्या उतरण्यावर, तुझ्या जलेबीवर, तुझ्या नॉर्मलवर. आज तुला दुखलं तर मला बरं वाटलं. थोडा वेळ मी गप्प पडून होती. हाक नंतर मारली."

नळीतून सलाईन थेंब थेंब पडत होतं. मग सुखदा म्हणाली, "घरात तुझं नाव घेतल्याबगैर कोणी मला पाणी पण विचारत नाही. मला वाटायचं, माझ्या बाळाला पण काही प्रॉब्लेम पाहिजे होता. मग आई माझ्या पण पायाला तेल लावल्या असत्या." तिच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे गेलं. "आणि मग खरंच दुखायला लागलं तर वाटलं, मी मागितलं म्हणून आलं."

"गप," अमिता म्हणाली. "मागून येत नसते काही. मागून आलं असतं तर माझं पहिलं पोरगं आज शाळेत जात असतं."

नर्सबाई परत आल्या. "अरे, तुमचं राहिलंच ना," म्हणत त्यांनी थंडगार जेली अमिताच्या पोटावर लावली आणि यंत्र टेकवलं. नुसती खरखर. त्यांनी ते उजवीकडे सरकवलं. खरखर. वर नेलं. लांबवर कसलातरी संथ आवाज आला. "हे तुमचेच ठोके आहेत," त्या म्हणाल्या आणि पुन्हा फिरवायला लागल्या. अमितानं खाटेची कड धरली. हाक मारताना जोर लागला. ऑटोत धक्के बसले. आधी तिचं लावा, मीच म्हणाले, आणि तेवढ्या वेळात.

"सिस्टर, तिथं नाही," शेजारच्या खाटेवरून सुखदा म्हणाली. सलाईनचा हात न हलवता तिनं मान उचलली होती. "खाली घ्या. दीदीचं एकदम खाली असते, डाव्या बाजूला, हड्डीच्या वर. डॉक्टर मॅडम नेहमी तिथंच लावतात, तरी पण देर लागते."

"तुला काय माहीत?" अमितानं विचारलं.

"पडद्याच्या बाहेर उभी असते ना मी दरवेळी. तुझं सापडेपर्यंत मला आत यायला होत नाही."

नर्सबाईंनी यंत्र खाली घेतलं, हाडाच्या वर, डावीकडे, आणि जरा दाबलं. खरखर झाली, पुसली गेली, आणि तिच्यातून भरभर, एका लयीत आवाज यायला लागला.

अमितानं डोळे मिटून घेतले.

"हं," सुखदा म्हणाली आणि डोकं उशीवर टेकलं. "हेच आहे आपलं."